पुळणीवर रुतलेल्या गाडीच्या निमित्ताने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीपासून मे महिना संपेपर्यंत कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची गाडी वाळूत रुतल्याची आणि ती ट्रॅक्टरने किंवा बैलांनी ओढून काढल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, तिच्यासोबत छायाचित्र असते, आणि मग चार दिवस त्या चालकाची यथेच्छ टिंगल चालते. २०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कोट्यवधी रुपयांची एक विदेशी मोटार अशीच रुतली आणि बैलगाडीला दोर बांधून ती बाहेर काढावी लागली, तेव्हा तर ते चित्रण देशभर फिरले. त्या टिंगलीत मी सामील झालो नाही, कारण त्याआधी एका पौष महिन्यात दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवर मी स्वतः त्याच अवस्थेत उभा होतो. माझी गाडी साधी होती, बैलांऐवजी ट्रॅक्टर होता आणि सुदैवाने कोणी चित्रण केले नाही, एवढाच काय तो फरक. तेव्हा हे पत्र आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहिलेले आहे असे समजून वाचावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पुळणीवर खासगी गाड्या जाणे उपदेशाने किंवा ‘वाहने नेण्यास मनाई आहे’ अशा पाटीने थांबणार नाही, कारण तशी पाटी आमच्याही समोर होती आणि आम्ही ती वाचलीही होती. पुळणीवर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी जांभ्याचे चिरे रोवून गाडीपुरती वाट बंद करावी, आणि मनाईच्या पाटीशेजारी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ लिहिलेला एक फळा असावा. या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्यांची गरज मला का पटली हे सांगायचे, तर आमच्या त्या प्रवासाबद्दल थोडे लिहावे लागेल.

मी, माझी पत्नी, थोरली बहीण आणि बहिणीचा मुलगा असे चौघे दादरहून निघालो होतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत जाण्याचा बेत होता. रत्नागिरीला नुसते पोहोचायचे असेल तर कोकण रेल्वे आहे, महामार्ग आहे. किनाऱ्याने जाणाऱ्याचा हिशेब निराळा असतो, कारण सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी हा किनारा जागोजाग चिरलेला आहे आणि घाट चढून, सडा ओलांडून, वाडीतून वळणे घेत आलेला रस्ता एकाएकी खाडीच्या पाण्यात संपतो. कुंडलिकेवर साळावचा पूल आहे, पण पुढे राजपुरीची खाडी ओलांडायला आगरदांड्याहून दिघीला, सावित्रीची बाणकोट खाडी ओलांडायला बागमांडल्याहून वेसवीला, वाशिष्ठीची दाभोळ खाडी ओलांडायला दाभोळहून धोपाव्याला आणि शास्त्रीची खाडी ओलांडायला तवसाळहून जयगडला, अशी चार वेळा गाडी फेरीबोटीत घालावी लागते. तिला तिकडे बहुतेक जण जंगलजेटी म्हणतात. मुंबईतून निघतानाच भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो धरली, तर ही संख्या पाच होते. २०२० च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या त्या रो-रोने पेण-वडखळची शंभरेक किलोमीटरची फेरी तासाभराच्या जलप्रवासावर आणली आहे आणि आमच्यासारख्या मुंबईकरांना घरातून निघाल्यानिघाल्या समुद्रावर नेऊन सोडले आहे.

या रस्त्याचे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही, तरी एकाच तुकड्यापुरते लिहितो. दिवेआगर सोडून शेखाडीवरून आरावीमार्गे श्रीवर्धनला जाताना रस्ता डोंगराच्या पायथ्याला इतका चिकटून जातो, की डाव्या खिडकीतून करवंदीच्या जाळ्या हाताला लागाव्यात आणि उजव्या खिडकीतून काळ्या कातळावर फुटणाऱ्या लाटेचे तुषार काचेवर यावेत. त्या पट्ट्यात आम्ही ताशी वीसच्या वेगाने चाललो होतो, मागच्या एसटीला वाट देण्यासाठी दोनदा कडेला थांबलो, आणि एका वळणावर गाडी बंद करून उतरलो तेव्हा खालच्या कातळाच्या फटींतून पाणी मागे ओढले जाताना होणारा तो घुसमटल्यासारखा आवाज बराच वेळ ऐकत उभे राहिलो. बहिणीचे लहानपण श्रीवर्धनजवळ गेलेले. ती म्हणाली, “ओहोटी लागली.” मी आवाज ऐकत होतो, तिने त्या आवाजावरून वेळ ओळखली होती. ही गोष्ट मी तेव्हा मनावर घेतली असती, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

किनाऱ्याने जाणाऱ्याचे सगळे वेळापत्रक भरती-ओहोटीशी बांधलेले असते, हे आम्हाला वाटेत तुकड्यातुकड्याने कळत गेले. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, भरतीला तो पाण्यात उभा असतो आणि त्याच्याकडे नुसते पाहावे लागते. हरिहरेश्वरला देवळामागची समुद्राकडची प्रदक्षिणेची वाट ओहोटीतच करायची असते; भरतीच्या वेळी त्या कातळावर पाय घसरून किंवा लाटेने ओढून नेऊन माणसे गेल्याच्या बातम्या आपणही छापल्या असतील. उलट हेदवीची बामणघळ पाहायची तर भरतीच हवी, कारण कातळातल्या त्या अरुंद भेगेत पाणी कोंडले जाऊन वर उसळते ते पाणी चढलेले असतानाच, ओहोटीला तिथे एक ओली भेग तेवढी दिसते. फेरीबोटीच्या धक्क्याचा उतारही ओहोटीला लांब आणि शेवाळलेला असतो. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करत “दुसऱ्यात ठेवा, ब्रेक मारू नका” म्हणतो आणि आपण मुकाट्याने ऐकतो. म्हणजे जिथे कोणी माणूस उभा राहून सांगतो तिथे मुंबईकर नीट वागतो, असा माझा अनुभव आहे. पुळणीवर सांगणारा कोणी नसतो.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास आम्ही त्या पुळणीशी पोहोचलो. गावाची नारळी-पोफळीची आगरे, मग सुरूचे बन, बनातून जाणारी चाकोरी आणि तिच्या टोकाला अर्धवर्तुळाकार पसरलेली करड्या रंगाची पुळण. पाणी पार लांब होते. वाळूवर आधीच्या गाड्यांच्या चाकांचे खोल वळसे होते, गोल गोल, कोणीतरी हौसेने काढलेले. भाचा उतरून वाळूवर टाच आपटून आला आणि म्हणाला, “मामा, घाला की खाली. सिमेंटसारखी घट्ट आहे.” पत्नी नको म्हणाली. बहीण काही बोलली नाही, पण तिने स्वतःच्या बाजूचे दार उघडले आणि ती खाली उतरून चालू लागली, हे मला नंतर आठवले. मी गाडी खाली घातली. पाण्यापासून चाळीसेक पावलांवर उभी केली, तोंड समुद्राकडे, कारण छायाचित्रात तसे चांगले दिसते.

पाऊण तास गेला असेल. चहाचा थर्मास रिकामा झाला होता आणि भाचा तुतवार पक्ष्यांच्या मागे धावत बराच पुढे गेला होता. सुरूच्या बनाकडून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन येत होत्या, त्या थांबल्या आणि लांबूनच ओरडल्या, “काका, गाडी वर घ्या, पाणी चढतंय.” मी मागे वळून पाहिले तर एक पातळसा पापुद्रा पुढच्या चाकांपर्यंत येऊन परत गेला होता. घाबरण्यासारखे काहीच नव्हते, बोटभर पाणी. मी शांतपणे गाडी सुरू केली, मागे घेण्यासाठी गियर टाकला, आणि गाडी मागे यायच्याऐवजी पुढून खाली बसली. जोर दिला तशी आणखी बसली. तिसऱ्या प्रयत्नात पुढचे चाक अर्धे दिसेनासे झाले आणि पुढच्या लाटेने तो खड्डा पाण्याने आणि वाळूने असा बुजवला, की जणू चाक तिथे ओतूनच काढले होते. भाच्याने आणि मी हातांनी वाळू उपसली, पायपुसण्या चाकाखाली घातल्या, त्या चाकाने गिळल्या. वीस मिनिटांत पाणी दाराच्या कडेला लागले. त्या बाईंनी तोवर गावात निरोप धाडला होता. ट्रॅक्टर आला, दोन तरुण कमरेइतक्या पाण्यात वाकून मागच्या बाजूला दोर बांधून गेले, आणि चौथ्या हिसक्याला गाडी सुटली. ट्रॅक्टरच्या मालकाने डिझेलपुरते पैसे घेतले, एक शब्द बोलला नाही, आणि जाताना ज्या नजरेने गाडीकडे पाहिले ती मी विसरलेलो नाही. पुढचे दोन महिने गाडी दुरुस्तीच्या कारखान्यात ये-जा करत होती. खाऱ्या पाण्याने वायरिंग आणि ब्रेक दोन्ही खाल्ले होते.

हे असे का झाले, ते मी घरी येऊन शोधले. त्यातले काही इथे सांगणे अस्थानी होणार नाही. दोन भरत्यांमधले अंतर सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे असते, म्हणजे ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण व्हायला साधारण सहा तास लागतात. पण या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तिप्पट, आणि मग पुन्हा कमी कमी, असा नाविकांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत येते. तीन मीटरचा चढ-उतार आणि साठास एक इतका सपाट उतार धरला, तर सहा तासांत पाणी १८० मीटर आत सरकते आणि त्यातले ९० मीटर त्या दोन तासांतच. पहिल्या दोन तासांत पाहणाऱ्याला समुद्र जागच्या जागी वाटतो, आणि त्याच भरवशावर तो थर्मास उघडतो.

वाळूचेही तसेच आहे. दमट वाळू घट्ट असते, कारण कणांमधला पाण्याचा पातळ पदर त्यांना एकमेकांशी धरून ठेवतो, म्हणून टाच आपटून घेतलेली परीक्षा खोटी नव्हती. पण त्या फटी पाण्याने पूर्ण भरल्या की ही पकड सुटते, आणि मागे जाणारी प्रत्येक लाट टायरच्या भोवतीची वाळू थोडी थोडी उकरून नेते. हजार किलोंची गाडी तळहाताएवढ्या चार जागांवर उभी असते. त्यात चाक जोरात फिरवावे तर ते स्वतःच आपला खड्डा खणते. वाळू सकाळी आठला घट्ट होती आणि पावणेनऊला नव्हती, यात वाळूचा काही दोष नाही.

खंत वाटते ती पुढच्या गोष्टीची. त्या दिवशी कृष्ण प्रतिपदा होती. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे आणि मुंबई-रायगडच्या पट्ट्यात तो अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतो. दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी आधी येते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता, प्रतिपदेला पाऊण वाजता. म्हणजे त्या दिवशी पहाटे साडेसहाच्या आतच ओहोटी संपून पाणी चढणीला लागले होते, आणि मी नेमका त्या मधल्या दोन तासांत गाडी खाली उभी केली होती. त्यात पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. हे सगळे आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत होते, कारण तीत तिथी छापलेली असते. निघताना मी तिच्यावरून फक्त शनिवार-रविवार पाहिले होते.

मुंबईकराला भरती माहीत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे पावसाळ्यातले दिवस आपली महापालिका आधीच जाहीर करते आणि त्या दिवशी पाऊस पडला तर हिंदमाताला पाणी तुंबणार हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अपोलो बंदरावर समुद्राची पातळी मोजण्याचे काम १८७८ पासून चालू आहे आणि इतकी जुनी नोंद हिंदी महासागराच्या काठी फार थोड्या ठिकाणी सापडते. ज्या शहराला पाण्याच्या उंचीचा इतका जुना शेजार आहे, त्या शहरातला माणूस गेटवेपासून दीडशे किलोमीटरवर जाऊन पुळणीला वाहनतळ समजतो, याचे मला स्वतःचेच आश्चर्य वाटते. बहुधा भरती आमच्यासाठी पावसाळ्यातली बातमी होऊन बसली आहे. वर्षातले उरलेले आठ महिने ती दिवसातून दोनदा येते, हे आम्ही विसरलो आहोत.

आता गाडी रुतली तर नुकसान मालकाचे, त्यासाठी वाट अडवायची काय गरज, असे कोणी विचारेल. मीही तसेच म्हणालो असतो, पण त्या दिवशी ट्रॅक्टरमागे चालत वर येताना पहिल्यांदा मी आमच्या चाकोरीकडे खाली मान घालून पाहिले. भरतीरेषेच्या वरच्या बाजूला जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर लांबच लांब पसरलेली असते, आपट्यासारखी दुभंगलेली पाने असतात तिची. मर्यादवेल म्हणतात तिला. तिची मुळे वाळू धरून ठेवतात, वाऱ्याने उडालेली वाळू तिच्यापाशी अडते, तिथे हळूहळू उंचवटा होतो आणि त्याच्यामागे सुरूचे बन आणि गाव सुरक्षित राहते. आमची चाके तिच्यावरून दोनदा गेली होती, एकदा उतरताना आणि एकदा दोराने ओढले जाताना, आणि जिथून गेली होती तिथे वेल चिरडून खालची कोरडी वाळू उघडी पडली होती. आमच्या आधी किती गाड्या गेल्या होत्या ते त्या उघड्या पट्ट्याच्या रुंदीवरून कळत होते: चांगली दोन ट्रक शेजारी उभे राहतील एवढी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच भागावरून गेले आणि रायगड-दापोलीच्या आगरांतली पोफळी ओळीने आडवी झाली, तेव्हा किनाऱ्यावरच्या झाडोऱ्याची किंमत तिथल्या लोकांना पुन्हा एकदा कळली. गाड्यांच्या सोयीसाठी पडलेली ती वाट पुढच्या वादळात पाण्याच्याही सोयीची होणार आहे.

दुसरी गोष्ट कासवांची. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री याच पुळणींवर येऊन खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे चालू लागतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ही घरटी राखली, कासव महोत्सव सुरू झाला आणि ते लोण कोकणातल्या इतर गावांत गेले. सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, पण न सापडलेली घरटी वाळूतच असतात आणि वरून गेलेल्या चाकाला ती कळत नाहीत. पिल्लू बाहेर आले तर त्याच्या दृष्टीने गाडीची खोल चाकोरी म्हणजे दरीच. त्यात पडलेले पिल्लू समुद्राकडे जायच्याऐवजी चाकोरीच्या अंगानेच चालत राहते आणि सकाळी कावळे-घारी तयार असतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे रात्री पुळणीवर दिवे लावून उभी असलेली गाडी त्यांना उलट दिशेला बोलावते. महोत्सवाला म्हणून मुंबईहून गेलेली मंडळी त्याच संध्याकाळी शेजारच्या पुळणीवर गाडी फिरवताना मी पाहिली आहेत.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की गावकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पुळणीवर जातात त्या कशा चालतात. हर्णैच्या बंदरात होड्यांतून मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात उतरत आल्या आहेत, ते दृश्य पाहायला आपणच गर्दी करतो. पण ती गाडी कामासाठी, ठरलेल्या वाटेने, पाणी कुठे आहे ते ठाऊक असलेला माणूस हाकत असतो. गोल गोल फिरवून वळसे काढण्यासाठी कोणी बैल जुंपत नाही. म्हणून चिऱ्यांच्या रांगेत एक साखळी लावलेली वाट ठेवावी आणि तिची किल्ली ग्रामपंचायतीकडे किंवा मच्छीमार सोसायटीकडे असावी.

दुसरा आक्षेप केरळचा. कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला सुमारे चार किलोमीटरच्या पुळणीवर गाडी चालवायला परवानगी आहे आणि तिथे पर्यटन वाढले, मग आपल्याकडे का नको? मी तिथे गेलेलो नाही, पण एवढे दिसते, की तिथे एका ठरावीक किनाऱ्याची निवड झाली आहे, समुद्रातल्या काळ्या खडकांच्या आडोशाने तिथली वाळू घट्ट राहते आणि तो किनारा त्यासाठी ओळखला जातो. आपल्याकडे निवड कोणीच केलेली नाही, प्रत्येक मालक आपापल्यापुरती करतो. शिवाय आपला अधिक जवळचा शेजारी गोवा आहे, आणि पर्यटनावर जगणाऱ्या त्या राज्याने किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदीच घातली आहे. त्यामुळे तिकडचे पर्यटक घटल्याचे काही दिसत नाही.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण असे, की किनाऱ्यावरची वर्दळ वाढत जाणार आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच किनाऱ्यावरचे आहेत. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या कामात खाड्यांवरचे पूल आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. रात्री-बेरात्री बाळंतीण घेऊन फेरीबोट सुटण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला आमच्या निसर्गप्रेमाचे काय कौतुक असणार? पण पूल झाले की किनाऱ्याने जाणारा प्रवासी पाण्यासाठी कुठेच थांबणार नाही. आज निदान जंगलजेटीच्या धक्क्यावर उभे राहून खाडीचे पाणी वर आहे की खाली आहे हे त्याच्या डोळ्यांना दिसते. उद्या तो दादरहून निघून थेट पुळणीच्या तोंडाशी उतरेल, आणि भरतीची पहिली खबर त्याला चाकाखालीच मिळेल.

फळ्यावर वेळ लिहिण्याचे काम अवघड नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते वर्षभर आधी तयार असतात, फेरीबोटींच्या धक्क्यांवर माणसे असतात, किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत शाळा आहे आणि खडूने दोन वेळा लिहायला शाळेतला कोणताही मुलगा आनंदाने तयार होईल. ‘आज भरती ११.५०, सायंकाळी ओहोटी ६.०५’ एवढे वाचल्यावर पाण्यात गाडी घालणारा विरळाच, आणि त्याच्यासाठी चिरे आहेतच. गाड्या वर थांबल्या तर ग्रामपंचायतीला वाहनतळाचे दोन पैसेही मिळतील. आपल्याकडून एक अपेक्षा आहे: शुक्रवारच्या अंकात, जिथे शनिवार-रविवारच्या सहलींची माहिती आपण देता, तिथेच अलिबाग, श्रीवर्धन, हर्णै आणि रत्नागिरी या चार ठिकाणच्या दोन्ही दिवसांच्या भरतीच्या वेळा छापाव्यात. चार ओळींची जागा लागेल.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. त्या पुळणीच्या तोंडाशी आता कोणीतरी, बहुधा गावानेच, गुडघ्याएवढे जांभ्याचे दहा-बारा चिरे रोवले आहेत. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे लावून आम्ही चालत गेलो. जुन्या चाकोरीच्या दोन्ही काठांवरून मर्यादवेलीचे वीतभर शेंडे आत आले होते, मधला पट्टा अजून उघडाच होता. ट्रॅक्टरचे घर विचारत विचारत गेलो, पण मालक हर्णैला मासळी घेऊन गेले होते, घरच्यांनी ओळख पटल्यावर आत बोलावून सोलकढी दिली आणि हसत विचारले, “गाडी कुठे ठेवलीत?”

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
दादर (पश्चिम), मुंबई